गच्चीची किल्ली

चि. सोन्या,



संक्रांतीला तुम्ही आमच्याकडे आलात, त्या रात्रीपासून हे पत्र मनात घोळतं आहे. तू ओट्याला टेकून गुळाची पोळी खात होतास, ताई तुझ्या पानात तूप ओततच होती, आणि तू सांगत होतास की कॉलेजच्या नाचाच्या संघाचा कॅप्टन म्हणून तुझी निवड झाली. मला फार आनंद झाला. पाच वर्षांचा असताना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लेझीम हातात धरून तू मधेच रडायला लागला होतास, ते आठवलं. मग तू म्हणालास, फेब्रुवारीत नवी मुलं संघात येतील आणि त्यांची एक 'रात्र' असते. कसली रात्र, असं ताईनं विचारलं. "आई, ते बाहेर सांगायचं नसतं," म्हणून तू विषय बदललास.

जेवताना वेगळंच बोलणं निघालं. तुमच्या विद्यापीठानं एका संघटनेला निलंबित केलं होतं, आणि तू तावातावानं म्हणालास, "मावशी, चौघांनी काहीतरी केलं असेल. त्यासाठी साठ मुलांना शिक्षा का?"

प्रश्न चांगला आहे. त्या दिवशी भरल्या घरात मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. हे पत्र तुझ्या पत्त्यावर न पाठवता मी छापायला देते आहे, कारण कॅप्टन, अध्यक्ष, खजिनदार झालेली मुलं आता अमेरिकेतल्या आपल्या पुष्कळ मराठी घरांत आहेत, आणि त्यांच्या आयांनाही 'ती रात्र' ठाऊक नाही. रविवारच्या मराठी शाळेत तू शिकलास तेवढं मराठी याला पुरेल. अडलास तर ताईला विचार.

मी ग्रंथालयात नोकरी करते हे तुला माहीत आहे. पण गेली काही वर्षं विद्यापीठाच्या शिस्त-मंडळावरही बसते, हे मी घरात बोलत नाही, कारण तिथलं तिथेच ठेवायचं असतं. काही विद्यार्थी, काही प्राध्यापक, माझ्यासारखे काही कर्मचारी. समोर कधी एकटा विद्यार्थी असतो, कधी आख्खी संघटना. संघटना म्हणजे खुर्चीवर बसलेला तिचा अध्यक्ष, वीस-एकवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात मांडीखाली दाबून धरलेला. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मी तेच ऐकलं आहे: हे काही सभासदांनी आपल्या आपण केलं, संघटनेचा त्याच्याशी संबंध नाही.

हे वाक्य ऐकलं की मला पेन स्टेट विद्यापीठातली एक सॅक आठवते.

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री तिथल्या बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाच्या, घरात नव्या मुलांचं स्वागत होतं. नियमाप्रमाणे त्या घरात दारूला बंदी होती. देखरेखीला एक मोठा माणूस त्याच घरात राहत होता. भिंतींवर कॅमेरे होते. एवढं सगळं असताना टिमथी पियाझा नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत किमान १८ वेळा दारू पाजली गेली, असं पुढे ग्रँड ज्युरीच्या अहवालात आलं. तो तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळला. त्याला उचलून कोचावर टाकलं गेलं. नुकताच सभासद झालेला एक मुलगा कळवळून सांगत होता की याला दवाखान्यात न्यायला हवं. त्यालाच ढकलून गप्प केलं. सकाळी १० वाजून ४८ मिनिटांनी ॲम्ब्युलन्सला फोन गेला. पडल्यापासून जवळजवळ बारा तास उलटले होते. ४ फेब्रुवारीला तो गेला.

आता ती सॅक. रात्री कधीतरी मुलांनी त्याच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली. दारूच्या नशेत बेशुद्ध पडलेला माणूस उताणा झाला आणि त्याला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत अडकून तो गुदमरतो. पाठीवर ओझं असलं की तो उताणा होऊ शकत नाही. सोन्या, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कसं ठाऊक असतं? कोणीतरी कोणाला तरी शिकवलेलं असतं. आदल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी त्या कोचावर दुसरं कोणीतरी पडलेलं असतं. त्या सॅकेनं मला सांगितलं की त्या घराला हे सगळं पाठ होतं. मुलं बदलत होती आणि पाठांतर चालूच होतं. 'काही सभासदांनी आपल्या आपण' हे इथे कुठे बसतं?

विद्यापीठानं दोन महिन्यांच्या आत ती शाखा कायमची बंद केली. खटले मात्र वर्षानुवर्षं चालले. शाखेच्या तेव्हाच्या अध्यक्षाला आणि उपाध्यक्षाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, साडेसात वर्षांनी, दोन ते चार महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो अध्यक्षही कधीतरी तुझ्यासारखाच निवडून आला असेल, त्याच्याही घरी कोणीतरी गोड केलं असेल. हे लिहिताना मला भरून येतं, पण लिहायला हवं.

तू म्हणशील, ही गोऱ्या श्रीमंत मुलांची घरं. आपली मुलं वेगळी. मग मायकल डेंगची गोष्ट ऐक. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. चिनी आईवडलांचा मुलगा. पाय डेल्टा साय नावाच्या, आशियाई मुलांनी आशियाई मुलांसाठी काढलेल्या फ्रॅटर्निटीत त्याला जायचं होतं. परक्या देशात आपली माणसं हवीत, हे तुला आणि मला कोणी समजावायला नको. डिसेंबर २०१३ मध्ये पेनसिल्वेनियाच्या पोकोनो डोंगरात भाड्यानं घेतलेल्या एका घरी ते सगळे गेले. गोठलेल्या मैदानात त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीवर वाळूची जड सॅक दिली, आणि समोरून हाक येईल तिकडे चालायला सांगितलं. वाटेत बाकीचे त्याला धक्के देत, पाडत. या विधीचं नाव 'ग्लास सीलिंग'. अमेरिकेत आशियाई माणसाला वर चढताना जी न दिसणारी आडकाठी सोसावी लागते, तिची आठवण म्हणे. आपल्या लोकांचं दुःख शिकवायचं म्हणून आपल्याच मुलाला पाडायचं! तो बेशुद्ध झाला. मुलांनी फोन करण्याऐवजी इंटरनेटवर लक्षणं शोधली, त्याचे ओले कपडे बदलले, आणि मग स्वतःच्या गाडीतून त्याला रुग्णालयात नेलं. फ्रॅटर्निटीच्या खुणा असलेल्या वस्तूही लपवल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

या खटल्यात जे घडलं ते तुझ्या प्रश्नाला थेट भिडतं. मुलांवर खटले झालेच. चौघांनी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये पेनसिल्वेनियातल्या ज्युरीनं पाय डेल्टा साय या राष्ट्रीय संघटनेलाही दोषी ठरवलं. गंभीर हल्ला आणि मनुष्यवध, असे गुन्हे एका संघटनेच्या नावावर लागले. शिक्षा म्हणून एक लाख डॉलरहून जास्त दंड झाला. संघटनेला तुरुंगात टाकता येत नाही. पण तो विधी कोणी एका मुलानं त्या सकाळी रचला नव्हता, हे बारा सामान्य माणसांनी ऐकून घेतलं आणि मान्य केलं.

आणि 'आम्ही तर नाचणारी मुलं' असंही म्हणू नकोस. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग १००' हा बँड १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनासाठी पॅरिसला गेला होता, इतका नावाजलेला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच बँडचा ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन याला बसमध्ये पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत मार खात चालत जावं लागलं, आणि त्यात तो मेला. वाजवणारी मुलं, घासून घासून ताल बसवणारी. कला जिथे अशी मेहनत मागते तिथे सोसण्याची सवय होते, आणि तालीम कुठे संपली आणि छळ कुठे सुरू झाला हे आतल्या मुलांना दिसेनासं होतं. बँड जवळजवळ दोन वर्षं बंद राहिला.

आता तुझे साठ.

त्यांच्याआधी माझी एक गोष्ट तुला सांगायची आहे. ताईलाही ती पुरती माहीत नाही. मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हा राज्यात रॅगिंगविरोधी कायदा नव्हता, तो १९९९ मध्ये आला. एका रात्री वरच्या वर्गातल्या मुलींनी पहिल्या वर्षाच्या मुलींना गच्चीवर नेलं. माझी खोली जिन्याजवळ होती. मी रडणं ऐकलं. मी दार लावून घेतलं आणि रेडिओ मोठा केला. आठवड्यानं त्यातली एक मुलगी पत्र्याची ट्रंक घेऊन वडलांबरोबर गावी निघून गेली. ती परत आली नाही. चौकशी झाली, कोणी नाव सांगेना, तेव्हा रेक्टरबाईंनी आख्ख्या मजल्याला दंड केला. मी माझे पैसे भरले. आणि पैसे भरल्यावर मला हलकं वाटलं, सोन्या. हिशेब मिटला असं वाटलं. ही सामूहिक शिक्षा. तू जिच्यावर चिडतोस ती हीच, आणि तुझं चिडणं बरोबर आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांतही तरतूद आहे की करणारे सापडले नाहीत तर सामूहिक शिक्षा द्यावी. ते नियम एका तरुण मुलाच्या मृत्यूनंतर आले, त्यांच्यामागची तळमळ मी समजू शकते. तरी त्या तरतुदीशी माझं मन जुळत नाही. तिनं दोषी सापडत नाहीत आणि गप्प बसलेल्यांची सुटका होते.

त्या चौकशीत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. गच्चीला कुलूप असायचं. मग किल्ली कोणाकडे होती?

ती असायची वसतिगृहाच्या स्नेहसंमेलन समितीकडे. सजावटीचं सामान गच्चीच्या खोलीत ठेवायचं म्हणून. दरवर्षी जुनी सेक्रेटरी ती किल्ली नव्या सेक्रेटरीच्या हातात देई, आणि देताना काय काय सांगे ते समितीबाहेर जात नसे. विचारलं असतं तर कळलं असतं की गच्चीवर जे झालं ते दरवर्षी, समितीच्या देखत, समितीच्या किल्लीनं होत होतं. मग मजल्यावरच्या सगळ्या मुलींना दंड करायची गरज नव्हती. समिती बरखास्त करायची होती, आणि किल्ली काढून घ्यायची होती.

पुढच्या वर्षी ती सेक्रेटरी मी होते. मी कोणाला गच्चीवर नेलं नाही. पण वर्ष संपल्यावर मी ती किल्ली निमूटपणे पुढच्या मुलीच्या हातात ठेवली. ती ट्रंक घेऊन गेलेली मुलगी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि शिस्त-मंडळावर मी का बसते याचं खरं कारण तीच आहे.

तर साठ मुलांना शिक्षा होत नाही, सोन्या. विद्यापीठ एखाद्या संघटनेला निलंबित करतं तेव्हा त्या साठांतला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी वर्गात जातो, परीक्षा देतो, पदवी घेतो. ज्यानं स्वतः काही केलं असेल त्याची वेगळी चौकशी होते. काढून घेतलं जातं ते नाव, हॉल मिळण्याचा हक्क, विद्यार्थ्यांच्या फीमधून मिळणारा पैसा, नवी मुलं घेण्याची परवानगी. म्हणजे किल्ली. पुष्कळदा निलंबन चार वर्षांच्या आसपास का असतं, हे तुला कोणी सांगितलं आहे का? तेवढ्या काळात आतली सगळी मुलं शिकून बाहेर पडतात, आणि विधी आठवणारं कोणी उरू नये अशी आशा असते. आशाच म्हणते, कारण माजी विद्यार्थी उरतात, आणि काहींना आपण सोसलेलं पुढच्यांनीही सोसावं असं वाटत राहतं.

गेल्या वर्षी तुमच्या संघाला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा करंडकावर तुझं एकट्याचं नाव कोरलं नव्हतं. संघाचं होतं, आणि बरोबरच होतं. जो मुलगा त्या दिवशी पाय मुरगळून बाकावर बसला होता त्यानंही तो करंडक हातात धरून फोटो काढला. बक्षीस संघाचं असतं तर घावही संघानं अंगावर घ्यायला हवा. आपल्याकडे गणपतीचं मंडळही वर्गणीची पावती फाडतं ती मंडळाच्या नावानं, आणि हिशेब द्यायची वेळ आली की अध्यक्ष-खजिनदारानं उभं राहायचं असतं.

कायदाही आता या बाजूला वळला आहे. पियाझाच्या नावानं पेनसिल्वेनियात २०१८ मध्ये जो कायदा झाला त्यात संघटनेवर स्वतंत्र गुन्हा लागतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती नीट वाच: मुलगा आपखुशीनं गेला होता, हा बचाव चालत नाही. शिस्त-मंडळापुढे मी किती मुलामुलींना म्हणताना ऐकलं आहे, 'मी स्वतःच हो म्हटलं होतं.' एकदा एक मुलगी हे सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, नाही म्हटलं असतं तर या गावात माझं कोणी उरलं नसतं. आम्ही सगळेच बराच वेळ काही बोललो नाही.

२३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकाभरासाठीही कायदा झाला. नव्या मुलांच्या छळात दोषी ठरलेल्या संघटनेचं नाव, काय घडलं, चौकशी कधी सुरू झाली, कधी संपली, हे विद्यापीठानं आपणहून जाहीर करायचं. पहिला अहवाल २३ डिसेंबर २०२५ पर्यंत काढायचा होता, पुढे वर्षातून दोनदा. फ्रॅटर्निटीच नव्हे, क्लब, खेळाचे संघ, बँड, विद्यार्थी परिषद, सगळे त्यात येतात. आतापर्यंत पुष्कळ ठिकाणी आईबापांना हे कळायला मार्ग नव्हता. मूल ज्या दारातून आत जातं आहे त्या दारामागे तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं, ते विद्यापीठाच्या कपाटात बंद असायचं. म्हणून मला हा कायदा फार मोलाचा वाटतो.

पण त्यात एक फट आहे. नावानिशी अहवाल फक्त मान्यताप्राप्त संघटनांचा. ज्यांनी विद्यापीठाशी नातंच तोडलं त्यांचं नाव त्या पानावर येत नाही. आणि नातं तोडणारे आहेत. कोलोरॅडोच्या बोल्डर गावात २००४ मध्ये एका नव्या मुलाचा दारूनं मृत्यू झाला. विद्यापीठानं कडक अटी घातल्या, तर तिथल्या फ्रॅटर्निटींनी करारावर सही न करता २००५ मध्ये वेगळी चूल मांडली. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातूनही २०२२ मध्ये कितीतरी फ्रॅटर्निटी अशाच बाहेर पडल्या. घरं तीच, पाट्या त्याच, मुलंही त्याच विद्यापीठाची. नुसता दंडुका उगारून भागत नाही, हे मला तिथे दिसतं.

आमच्या मंडळापुढे एक संघटना आली होती, ती माझ्या कायम लक्षात राहील. तिच्या अध्यक्ष मुलीनं स्वतःच तक्रार केली होती, स्वतःच्याच संघटनेची. नव्या मुलींना रात्री-अपरात्री फोन करून थोरल्यांना गाडीनं आणायला-सोडायला लावत, त्यांना झोपू देत नसत. मेलं कोणी नव्हतं, जखमही नव्हती. सहामाहीच्या मध्यावर त्या मुलीनं कागदावर लिहून दिलं की आमच्याकडे हे असं चालतं, मीही ते सोसलं आणि मीही ते केलं, आता थांबवायला मदत करा. तिच्या बरोबरीच्या मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. काही जणांचं म्हणणं होतं की नियम तो नियम, निलंबन करा. मी अडून बसले. जी संघटना आपली किल्ली स्वतः टेबलावर आणून ठेवते तिला तीच शिक्षा दिली, तर पुढची कोणतीही मुलगी तोंड उघडणार नाही. शेवटी त्या संघटनेला बाहेरच्या सल्लागाराच्या देखरेखीखाली चालू ठेवलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. पुष्कळ मुली सोडून गेल्या. पण पुढच्या वर्षी आलेल्या मुली रात्री झोपल्या.

तुझ्या संघात कोणाचा जीव धोक्यात आहे असं मी म्हणत नाही. मला तुमच्या 'रात्री'तलं काहीच माहीत नाही. कदाचित गाणी म्हणायला लावत असाल, गुडघ्यावर बसवून जुन्या कॅप्टनांची नावं पाठ म्हणायला लावत असाल. तुलाही कोणीतरी लावलं असेल. संक्रांतीला तू "बाहेर सांगायचं नसतं" म्हणालास तेव्हा तुझी नजर ताईवरून हळूच खाली गेली. लहानपणी काही फोडलंस की अशीच जायची.

म्हणून एवढंच कर. त्या रात्री काय काय होतं ते एका कागदावर क्रमानं लिही. किती वाजता, कुठे, कोण हजर, कोणाकडे गाडी, कोण दारू पिणार नाही, कोणाला काही झालं तर फोन कोण करणार. नव्या मुलांना तो कागद आधी दाखव, निदान दोन दिवस आधी, आणि 'यातलं नको' म्हणणाऱ्यालाही संघात घेणार आहोत असं त्यावर लिही. मग तो तुझ्या विद्यापीठाच्या कार्यालयात दे. जे लिहिताना तुझा हात अडखळेल ते त्या रात्रीतून काढून टाक. मुलं चिडतील. माजी कॅप्टनांचे फोन येतील की आमच्या वेळी हे होतं, तू कोण बंद करणारा. ते सोपं नसेल, मला ठाऊक आहे. मला तर नुसती एक किल्ली खाली ठेवता आली नव्हती.

फेब्रुवारीला फार दिवस नाहीत. एक प्रत मलाही पाठव. इंग्रजीत लिहिलीस तरी चालेल. ताईनं तुझ्यासाठी तिळाच्या वड्यांचा डबा दिला आहे, तो माझ्याकडेच राहिला. शनिवारी गाडी घेऊन येते तेव्हा आणते.

तुझी,
मावशी